अण्णाचा मोडेम

आमच्या घरात अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ, वडील नव्हेत. बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांत असंच असतं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो, आई मात्र आईच राहिली. पुण्यामुंबईकडच्या लोकांना हे दरवेळी समजावून सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगून टाकते. आणखी एक गोष्टही आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. मला अण्णाचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, भरपूर. तो घरात होता तेव्हा वाटायचा आणि अमेरिकेला गेल्यावर दुपटीने वाटायला लागला. घरातल्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. तो गेला आणि त्याच्या जागी त्याचं कौतुक राहायला आलं. त्याच्याशी भांडायचं कसं?

बनशंकरीतलं आमचं घर लहान होतं, पण त्याला आवाज पुष्कळ होते. सकाळी देवळाच्या बाजूने येणारी नादस्वराची टेप, मग ‘हूवाऽ’ अशी हाक देत जाणारी फुलवाली, मग कुकरच्या शिट्ट्या. आईची हुळी, म्हणजे तिकडचं सांबार, उकळायला लागली की धण्याखोबऱ्याचा वास जिन्यापर्यंत जायचा आणि शेजारच्या सरोजाक्का भिंतीपलीकडून विचारायच्या, ‘‘आज काय, नुग्गेकाई?’’ शेवग्याच्या शेंगा अण्णाला आवडायच्या. तो गेल्यावरही आई हुळीत शेंगा घालतच राहिली. मला शेंगा चोखत बसायचा कंटाळा आहे हे तिला माहीत होतं, आणि मी ताटात शेंगा बाजूला सारल्या की ती म्हणायची, ‘‘अण्णा असता तर सगळ्या संपवल्या असत्या बघ.’’ मी आता स्वतःच्या घरी हुळी करते तेव्हा शेंगा घालत नाही. नवरा म्हणतो, इतकी वर्षं झाली, आता घाल की. नाही घालत.

अण्णाचा फोन रविवारी सकाळी यायचा, त्याच्याकडे शनिवारची रात्र असताना. त्यासाठी आई न्हाऊन, कुंकू लावून, केसांत फूल माळून हॉलमध्ये बसायची. फोनवर तो काही दिसणार नव्हता, पण हे तिला सांगून उपयोग नव्हता. बोलणं ठरलेलं असायचं. आधी अप्पा हवापाणी विचारायचे, मग आई जेवणखाण विचारायची, आणि शेवटी, अमेरिकेतलं मीटर पळत असताना, रिसीव्हर माझ्याकडे यायचा. ‘‘काय गं नंदा, बरी आहेस ना?’’ ‘‘बरी आहे.’’ ‘‘सरी, ठेवतो.’’ एवढं बोलायला मला आठवडाभर थांबावं लागायचं.

तर त्या उन्हाळ्यात माझी बी.एस्सी. संपली आणि मला पुण्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या एम.एस्सी.ला जागा मिळाली. पत्र आलं तेव्हा मी घरभर नाचले. अप्पांनी चष्मा लावून पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, घडी घालून पाकिटात ठेवलं आणि म्हणाले, ‘‘छान झालं. अण्णाला विचारूया.’’ अप्पांची सगळी नोकरी पीण्या भागातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. मापं घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण घरातला कुठलाही निर्णय आला की त्यांना दुसऱ्याची सही लागायची, आणि ती सही गेली काही वर्षं अण्णाची असायची. रविवारी फोनवर विचारलं तेव्हा अण्णा म्हणाला, ‘‘हे असं फोनवर घाईघाईत नको अप्पा. मी सविस्तर ईमेल लिहितो. मोडेम पोचेलच, तो जोडा आणि वाचा.’’ जागा हवी असल्याचं पुण्याला फोनवर कळवायची मुदत आठ दिवसांनी, सोमवारी संपणार होती. म्हणजे माझं पुण्याला जायचं का नाही हे एका ईमेलमध्ये होतं, आणि ती ईमेल उघडायला अण्णाचाच मोडेम लागणार होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी गप्प बसले, कारण गरज मला होती.

मोडेम अण्णाच्या एका मित्राबरोबर आला. मित्राचे आईवडील हेब्बाळला राहायचे. अप्पा दोन बस बदलून गेले आणि खोकं मांडीवर घेऊन परत आले. कॉम्प्युटर घरी आधीच होता, अण्णाच्याच आग्रहाने घेतलेला. त्याच्या शेजारी आईने विणलेला रुमाल पसरला आणि त्यावर तो काळा, चपटा, पुढे दिव्यांची ओळ असलेला डबा ठेवण्यात आला. अप्पांनी कारखान्यातल्या सवयीने त्याला हळदकुंकू लावलं. आईने फूल ठेवलं. सरोजाक्का बघायला आल्या आणि ‘अमेरिकेचा काय? किती चिक्क आहे!’ म्हणत इतक्या लहानशा डब्याभोवती दोन फेऱ्या मारून गेल्या. माझ्या जागेच्या पत्राला कुणी कुंकू लावलं नव्हतं. माणसाचा हेवा वाटतो हे सगळ्यांना माहीत आहे, मला त्या दिवशी एका डब्याचा हेवा वाटला.

मी माहितीपुस्तक वाचून तारा जोडल्या, कॉम्प्युटरवर त्याची ओळख करून दिली, इंटरनेटवाल्या कंपनीचा नंबर घातला आणि बटण दाबलं. अप्पा आणि आई मागे उभे होते. दिवे लागले, डब्याच्या आत टक्क झालं, थोडा वेळ गेला आणि पडद्यावर पाटी आली: डायल टोन नाही. पुन्हा केलं, पुन्हा तीच पाटी. ‘‘म्हणजे काय?’’ आईने विचारलं. मी सांगितलं की आपण रिसीव्हर उचलल्यावर जो गुर्रगुर्र आवाज येतो ना, तो ऐकू आला की मगच हा नंबर फिरवतो, आणि त्याला तो आवाज मिळत नाहीये. आई हॉलमधल्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून आली. ‘‘अय्यो, येतोय की! मला येतोय आणि त्याला कसा येत नाही?’’

प्रश्न अगदी बरोबर होता, पण आमच्या घरात त्याचं उत्तर एकाच बाजूने शोधायचं ठरलेलं होतं. डबा अण्णाने पाठवलेला, तेव्हा दोष आपल्याकडे. पहिला संशय स्वयंपाकघरातल्या फोनवर आला. आईचे हात कणकेचे असताना धावपळ नको म्हणून अण्णानेच तो दुसरा फोन त्याच लाईनवर लावून दिला होता. तो काढला. पाटी तीच. मग हॉलमधला फोन जुना झाला असेल म्हणून अप्पांनी नवा आणला. पाटी तीच. मग भिंतीवरची डबी, मग डबीपासून टेबलापर्यंतची तार. तारेसाठी अप्पांनी स्टुलावर चढून खिळे काढले आणि कपाळाला चुना लावून घेतला. मग टेलिफोन खात्याकडे तक्रार. लाईनमन आला, खांबापासून नवी तार ओढली, आमच्या फोनवरून ऑफिसला बोलून बघितलं आणि ‘लाईन सरी इदे’ म्हणजे लाईन ठीक आहे असं सांगून आईचा कॉफीचा पेला रिकामा करून गेला. पाटी तीच. अप्पांनी आता अर्थिंगबद्दल बोलायला सुरुवात केली. आणखी चार दिवस मिळते तर त्यांनी घराचा पाया उकरला असता.

‘‘अप्पा, मोडेममध्येच काहीतरी असेल,’’ मी म्हटलं.

अप्पांनी स्टुलावरून माझ्याकडे बघितलं. ‘‘अण्णाने बघून घेतलाय तो. तिथे चालत होता.’’

‘‘तिथे चालत होता, इथे चालत नाही.’’

‘‘म्हणजे इथलंच काहीतरी ना? विचार करून बोल स्वल्प.’’

शेवटी मी म्हटलं की कोपऱ्यावर सायबर कॅफे आहे, तिथे जाऊन वाचू, पासवर्ड द्या. अप्पांना ते अपमानासारखं वाटलं. घरात पोराने पाठवलेलं यंत्र असताना आपली पत्रं बाहेर चार लोकांत बसून वाचायची? अण्णाने खातं उघडून फोनवर सांगितलेला पासवर्ड त्यांच्या डोक्यात होता आणि तो तिथेच राहिला. आज माझ्या कॉलेजातली मुलं विचारतात, मॅडम, इंटरनेट नसताना तुम्ही काय करायचात? मी म्हणते, वडिलांची समजूत काढायचो. त्यांना वाटतं मी थट्टा करतेय.

सगळे आपापल्या परीने घर सुधारत असताना मी त्या डब्याच्या मागे लागले होते. खरं सांगायचं तर मला तो नालायक ठरायला हवा होता. अण्णाने पाठवलेली एक तरी वस्तू एकदा तरी वाईट निघावी, ही माझी फार दिवसांची इच्छा होती. आईअप्पांना जे सुचणं शक्य नव्हतं ते मला पहिल्या दिवशी सुचलं याचं कारण माझी बुद्धी नव्हती, माझ्या पोटात दुखत होतं हे होतं. दुपारी ते दोघं झोपले की मी मोडेमच्या आतला छोटा स्पीकर मोठा करायची आणि कान लावून बसायची. टक्क झालं की लगेच आमच्या फोनचा टोन त्या स्पीकरमधून स्पष्ट ऐकू यायचा. गुर्रगुर्र, गुर्रगुर्र, धडधडत असल्यासारखा. म्हणजे आवाज डब्यापर्यंत पोचत होता. पोचत होता आणि तरी तो म्हणत होता की टोन नाही. मग माझ्या मनात आलं की याला आवाज येतोय, पण हाच टोन आहे हे कळत नाहीये. तो दुसऱ्याच कुठल्यातरी आवाजाची वाट बघतोय.

कुठल्या, हे एकच माणूस ऐकवू शकत होता.

रविवारी फोन आला. अप्पांचं हवापाणी झालं. ‘‘ईमेल वाचली का?’’ अण्णाने विचारलं असावं, कारण अप्पा ओशाळून म्हणाले, ‘‘नाही रे, आमच्याकडेच काहीतरी गडबड आहे, बघतोय.’’ मग आईची पाळी. तिने ‘काय जेवलास’पासून सुरुवात केली होती तेवढ्यात मी तिच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. हे आमच्या घरात आजवर कधी झालं नव्हतं.

‘‘अण्णा, तुझ्या खोलीत दुसरी लाईन आहे ना? तुझ्याबरोबर राहणाऱ्या मित्राने इंटरनेटसाठी घेतलेली?’’

‘‘आहे. का?’’

‘‘त्याचा फोन उचल आणि या फोनला लाव. बोलू नकोस. नुसता टोन ऐकव.’’

‘‘वेडी आहेस का? आईला दे फोन.’’

‘‘आधी ऐकव. मग देते.’’

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ‘‘पोराचा आवाज सोडून घूंघूं कसली ऐकतेस गं? दे इकडे!’’ ती माझा दंड धरून ओढत होती आणि मी दुसरा कान बोटाने बंद करून घट्ट उभी होते. पलीकडे खुडबुड झाली आणि मग तो आवाज आला. आमच्यासारखा धडधडणारा नव्हता. एकसंध, गुळगुळीत, दोन सूर एकमेकांत मिसळल्यासारखा, मध्ये कुठे खाचखळगा नसलेला. अमेरिकेचा टोनसुद्धा अण्णासारखाच नीटनेटका होता. मी तो ऐकत राहिले आणि मला हसू फुटलं. डबा अण्णाचा होता, तिथल्या आवाजावर वाढलेला, आणि आमचा गुर्रगुर्राट त्याच्या लेखी टोनच नव्हता. गेला आठवडाभर अप्पा घर बदलत होते.

आई जेवणं होईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी दिलेला रिसीव्हर तिच्या हातात गेला तोवर अण्णाची ठेवायची वेळ झाली होती. ‘‘एक आठवडाभर वाट बघायची आणि ती माझी चार वाक्यंही हिने खाल्ली,’’ असं ती सरोजाक्कांना भिंतीवरून सांगत होती. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटत होतं की माझ्या वाट्याला दर रविवारी किती वाक्यं येतात ते कुणी मोजलंय का.

दुपारी जेवणं झाल्यावर मी कॉम्प्युटरसमोर बसले. मोडेमच्या सेटिंगच्या पानावर, खाली कोपऱ्यात, एक चौकोन होता: नंबर फिरवण्याआधी टोनची वाट पाहा. त्यात बरोबरची खूण होती. मी ती काढली. एवढंच. टोन येवो न येवो, तू नंबर फिरव. बटण दाबलं. टक्क झालं, आमचा टोन गुरगुरला, आणि पाटी यायच्या ऐवजी नंबर फिरायला लागला. मग पलीकडून शिट्टी, मग किंचाळी, मग खरखर, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी. त्या आवाजाने अप्पा झोपेतून उठून बनियनवर धावत आले. पाठोपाठ पदर सावरत आई. दिव्यांची सगळी ओळ लागली होती.

‘‘लागला?’’ अप्पा म्हणाले.

‘‘लागला.’’

त्यांनी डब्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘‘बघ! मी म्हणत नव्हतो? अण्णाने पाठवलेला मोडेम वाईट कसा असेल?’’

त्या क्षणी माझ्या हातात काही जड असतं तर मी ते डब्यावर घातलं असतं. आजही हे लिहिताना कानशिलं तापतात. अण्णा हे वाचेल तेव्हा म्हणेल की नंदा तिखटमीठ लावते. लावत नाही.

अप्पांनी माझ्याकडे पाठ करून पासवर्ड टाइप केला, एकेक अक्षर शोधून. ईमेल आली. अण्णाने मराठीतच लिहिली होती, पण इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे अप्पांना ती मोठ्याने, अडखळत, एकेक शब्द उलगडत वाचावी लागली. माझा जीव त्या प्रत्येक शब्दाला टांगलेला होता. आधी त्याच्या नव्या गाडीबद्दल होतं. मग तिथल्या उन्हाळ्याबद्दल. मग माझ्याबद्दल. नंदाला जागा मिळाली हे छानच झालं, पण तिला पाठवू नये असं मला वाटतं. बेंगळूरमध्ये काय कमी कॉलेजं आहेत? मी इतका लांब, तीही गेली तर तुमच्याजवळ कोण? रात्रीबेरात्री काही लागलं तर? शिवाय आता कॉम्प्युटर आहे, मोडेम आहे, ते बघायलाही घरात कुणीतरी हवं.

अप्पांनी वाचणं थांबवलं. मी पडद्याकडेच बघत होते, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर रडले असते. हे वाचता यावं म्हणून मी आठवडाभर त्या डब्याला कान लावून बसले होते.

‘‘त्याचंही खरंच आहे,’’ अप्पा हळूच म्हणाले. ‘‘काळजीनेच लिहिलंय त्याने.’’

‘‘तो गेला तेव्हा आपण कुणाला विचारलं होतं?’’ हे आईने विचारलं. मागून, भिंतीला टेकून.

अप्पा वळले. ‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे कुणाला विचारलं? नंदाला विचारलं होतं का, बाई, हा जातोय, तू राहशील ना घरी? तिला कुणी विचारलं?’’

‘‘तो मुलगा गं. त्याचं वेगळं.’’

‘‘हं. म्हणून हिचं ठरवायला अमेरिका लागते.’’ आईच्या आवाजात सकाळचा राग अजून होता, पण तो आता कुणावर आहे ते मला कळेना. ‘‘तुम्ही भिंत फोडलीत, खांबावरची तार बदललीत. लावलं कुणी? हिने. हिला कळतं ते तुम्हाला कळत नाही, मला तर नाहीच कळत, आणि त्यालाही कळलं नाही, सकाळी फोन ठेवता ठेवता हिला वेडी म्हणाला. जाऊ दे हिला. नंदा, लिही त्याला.’’

‘‘काय लिहू?’’

‘‘लिही, आम्ही तुला विचारलं नव्हतं, कळवलं होतं. नंदा जातेय.’’

अप्पा टेबलावर राहिलेला वाळका चुना नखाने खरवडत खुर्चीत बसले. ‘‘सरी,’’ म्हणाले. ‘‘असंच लिही. पण स्वल्प गोड करून.’’

मी गोड न करता लिहिलं. इतक्या वर्षांत आईने अण्णाच्या विरुद्ध आणि माझ्या बाजूने उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं आणि मला ते छापून भिंतीवर लावावंसं वाटत होतं. ‘‘झालं?’’ आईने विचारलं. झालं म्हटल्यावर ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. ‘‘आता पुढे लिही. सकाळी विचारायचं राहिलं. काय जेवतोस? नुसता ब्रेड खाऊ नकोस. डोक्याला तेल लाव. थंडीत कानाला बांधल्याशिवाय बाहेर जाऊ नकोस. मेतकूट संपलं असेल तर कळव, कुणी येणारं असलं की पाठवते. गाडी हळू चालव...’’ अप्पा म्हणाले, फोनचं बिल चढतंय. आई म्हणाली, चढू दे. मी टाइप करत राहिले. माझ्यासाठी एक ओळ झाली होती आणि त्याच्यासाठी पडदा भरला, खाली सरकला, पुन्हा भरला. आनंद आणि जळफळाट एकाच वेळी होऊ शकतो हे मला त्या दुपारी समजलं, आणि त्यातलं काय जास्त होतं हे अजून सांगता येत नाही.

शेवटी आईने पदराने डोळे पुसले. ‘‘आणि असं लिही,’’ ती म्हणाली, ‘‘नंदा गेली की घर रिकामं होणार. आम्हाला करमणार नाही. तर तू ये.’’

मी तिच्याकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती. माझं जाणंसुद्धा शेवटी त्याला बोलावण्याच्या कामी आलं होतं. मी तेही लिहिलं, तिने सांगितलं तसंच, एक शब्द न गाळता, आणि पाठवायचं बटण दाबलं.

‘‘गेलं?’’

‘‘गेलं.’’

‘‘चल, मग आता तुझ्या सामानाचं बघू,’’ आई उठत म्हणाली. ‘‘माळ्यावर अण्णाची जुनी मोठी बॅग आहे. ती काढते.’’

‘‘मी त्याची बॅग नेणार नाही,’’ मी म्हटलं. ‘‘मला नवी हवी.’’

आई दारात थांबली. मला वाटलं आता ओरडणार, पैसे झाडाला लागतात का विचारणार, चांगली भक्कम बॅग आहे म्हणणार. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, रविवारी सकाळी फोनकडे बघायची तसं.

‘‘सरी,’’ ती म्हणाली. ‘‘साडी बदलून येते. आत्ताच जाऊ.’’